ट्राउट किनवटला येणार नाही. पण आपल्या नाल्यातला मासा तरी उरेल का?

किनवट : गुडघाभर थंडगार पाण्यात उभा असलेला माणूस. हातात लवलवती काठी, डोक्यावरून मागे-पुढे फिरणारा लांब दोरा आणि दोऱ्याच्या टोकाला माशीएवढी काहीतरी वस्तू. ती पाण्यावर टेकते न टेकते तोच ठिपकेदार मासा उसळी मारून ती तोंडात धरतो. हे व्हिडिओ हल्ली तालुक्यातल्या बहुतेक पोरांच्या मोबाईलवर येऊन गेलेत. त्याला फ्लाय फिशिंग म्हणतात आणि त्या माशाला ट्राउट. व्हिडिओतला ओढा मात्र आपल्याकडच्यासारखाच दिसतो : दगडगोटे, उतार, दोन्ही बाजूंनी झाडी. मग प्रश्न येतोच. आपल्याकडे डोंगर आहे, ओढे आहेत, पैनगंगा आहे. हा मासा इथे का नाही? आणून सोडला तर जगेल का?

सरळ उत्तर, नाही जगणार. पण हे उत्तर जरा खोलात जाऊन पाहिलं, तर आपल्या नाल्यांबद्दल बरंच काही कळतं. व्हिडिओतली मासे धरायची पद्धत इथे चालू शकते, त्यासाठी मासाही इथेच आहे. आणि तो मासा संपवायला औषधाच्या बाटलीच्या तळाशी उरलेले चार थेंब पुरतात.

माशी लावून मासा

आपल्याकडे गळाला गांडूळ लावतात, कणकेची गोळी लावतात. त्यात वास असतो, चव असते. फ्लाय फिशिंगमध्ये खायचं असं काहीच नसतं. बारीक गळावर दोरा आणि पिसं गुंडाळून किडा वाटेल असा आकार केलेला असतो. मासा फसतो तो डोळ्याने. पाण्यावर पडलेली माशी किंवा नाकतोडा समजून तो झडप घालतो.

त्या नकली किड्यासाठी जगभर सगळ्यात जास्त मागणी कशाला आहे, तर कोंबड्याच्या मानेवरच्या पिसाला. ते पीस गळाभोवती गुंडाळलं की त्याचे केस किड्याच्या पायांसारखे चहूबाजूंनी उभे राहतात. परदेशात त्यासाठी खास कोंबडे पाळतात. आपल्याकडे तीच पिसं उकिरड्यावर जातात.

हा नकली किडा इतका हलका असतो की तो फेकताच येत नाही. म्हणून वजन दोऱ्यात ठेवतात. दोरा जाड, टोकाकडे बारीक होत गेलेला. फेकायचा असतो तो दोरा, किडा त्याच्यामागून जातो. डोक्यावरून दोरा मागे-पुढे फिरवण्याचं कारण हेच, त्यात नखरा काही नाही.

व्हिडिओतलं महागडं रीळ, काठी, गमबूट पाहून हे आपल्या ऐपतीबाहेरचं आहे असं वाटतं. पण जपानच्या डोंगराळ भागात गरीब लोक शेकडो वर्षं हेच काम साध्या बांबूच्या काठीने करत आले. रीळ नाही, काही नाही. काठीच्या शेंड्याला घोड्याच्या केसांचा पीळ दिलेला दोरा, टोकाला एक नकली किडा. त्या पद्धतीला तेनकारा म्हणतात. ती अरुंद डोंगरी ओढ्यांसाठीच आहे, जिथे मासा दहा-पंधरा फुटांवरच असतो आणि लांब फेकायची गरजच नसते. किनवट-माहूरच्या डोंगरातले ओढे पाहिले तर हीच पद्धत इथे बसते.

ट्राउटला काय लागतं?

ट्राउट हा थंड पाण्याचा मासा. दहा ते सोळा अंश तापमानाच्या पाण्यात तो खुशीत असतो. वीसच्या वर गेलं की त्याचं खाणं सुटतं, पंचविशीच्या आसपास तो मरायला लागतो. कारण प्राणवायूचं. पाणी जितकं थंड, तितका त्यात हवेतला प्राणवायू जास्त मुरतो. दहा अंशाच्या एक लिटर पाण्यात सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो, तीस अंशाच्या पाण्यात साडेसातच्या आसपास. शिवाय पाणी तापलं की माशाचं शरीर जोरात चालतं आणि त्याला प्राणवायू आणखी जास्त लागतो. म्हणजे पुरवठा कमी, खर्च वाढलेला. मे महिन्यात किनवटच्या नाल्यातलं उघड्यावरचं पाणी दुपारी हात घातला तर कोमट लागतं. तिथे ट्राउट एक दिवस टिकणार नाही. गरम पाण्याच्या कुंडासाठी आपलं उनकेश्वर प्रसिद्ध. थंड पाण्याच्या माशाला हा तालुका सोसवणार तरी कसा?

ट्राउट मुळात भारताचा मासाच नाही. इंग्रजांनी तो करमणुकीसाठी आणला. स्कॉटलंडहून बर्फात ठेवलेली अंडी जहाजाने यायची. पहिली खेप वाटेतच खराब झाली, दुसरी १९०० साली काश्मीरला पोचली आणि तिथल्या ओढ्यांत हा मासा स्थिरावला. नंतर हिमाचलमध्ये कुलूकडे आणि दक्षिणेत निलगिरीच्या उंच डोंगरांवर तो सोडला गेला. या सगळ्या जागा उंचावरच्या, बारमाही थंड पाण्याच्या. महाराष्ट्रात अशी एकही नदी नाही.

आणि नाही ते बरंच म्हणायचं. जगातल्या शंभर सर्वात उपद्रवी परक्या जीवांची जी यादी प्रसिद्ध आहे, तिच्यात ट्राउटच्या दोन जाती आहेत. जिथे सोडला तिथल्या मूळच्या माशांना तो खातो किंवा त्यांची जागा घेतो. याची चव आपणही घेतली आहे, फक्त वेगळ्या माशाची. आफ्रिकेतला तिलापिया १९५२ साली भारतात आणला. आज चिलापी म्हणून तो कुठल्याही तळ्यात सापडतो आणि बाजारात स्वस्त मिळतो, पण ज्या तळ्यात तो माजला तिथले जुने मासे किती उरले, हे म्हाताऱ्या मच्छीमारांना विचारावं.

आपल्या ओढ्यातली जात

मग डोंगरातल्या वाहत्या, स्वच्छ पाण्यात ट्राउटची जागा आपल्याकडे कोणी घेतली आहे?

बोटभर ते वीतभर लांबीचा, चांदीसारखा चमकणारा, अंगावर निळसर-काळ्या उभ्या पट्ट्या असलेला एक मासा दगडगोट्यांच्या खळाळत्या पाण्यात असतो. महाराष्ट्रात काही ठिकाणी त्याला झोऱ्या म्हणतात. गावोगावी नाव बदलतं, आणि गोंडी, कोलामी, बंजारा बोलींतली नावं आणखी निराळी. हा मासा पाण्याच्या वरच्या थरात राहतो, प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो आणि वरून वाहत आलेला किडा झटक्यात उचलतो. म्हणजे ट्राउट जे करतो तेच.

हे काही ओढूनताणून आणलेलं साम्य नाही. झोऱ्याच्याच भाऊबंदांपैकी उत्तरेकडच्या नद्यांतला एक मोठा मासा इंग्रजांच्या हाती लागला तेव्हा त्यांनी त्याला ‘इंडियन ट्राउट’ असंच नाव पाडलं. मद्रास इलाख्यातले एक अधिकारी एच. एस. थॉमस यांनी १८७३ साली भारतातल्या गळाच्या मासेमारीवर एक जाडजूड पुस्तक छापलं. इथल्या नद्यांतले मासेही नकली माशीला लागतात, हे त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं.

त्याच ओढ्यात दुसरा एक मासा असतो, मळ्या. त्याचं तोंड खालच्या बाजूला, आणि हनुवटीजवळ चकतीसारखा भाग. त्याने तो दगडाला चिकटतो आणि कितीही जोराचं पाणी आलं तरी वाहून जात नाही. दगडावरचं शेवाळ खरवडून खातो, म्हणून तो माशीला कधीच लागणार नाही. या मळ्याची गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे. विल्यम साइक्स नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी दख्खनमध्ये माहिती गोळा करत फिरत होता. त्याने इथल्या माशांची नोंद केली, ती १८३९ साली लंडनमध्ये छापून आली. नवीन माशांना लॅटिन नावं शोधत बसण्याऐवजी त्याने अनेकदा इथल्या लोकांच्या तोंडची नावंच उचलली. म्हणून आज जगभरातले शास्त्रज्ञ मळ्याला ‘गारा मुल्या’ म्हणतात, आणि दख्खनच्या महसीरला ‘टोर खुद्री’. किनवट तेव्हा निजामाच्या राज्यात होतं, साइक्सचं फिरणं पुणे-नगरकडचं. पण मासा काही हद्द पाहून पोहत नाही.

याशिवाय वाळूत दडणारी मुरी, बिळातली वाम, काट्यांचा शिंगाळा, डोहातली मरळ, आणि झिंगे-खेकडे. हे सगळं मिळून एक ओढा होतो.

खरा माशीचा हंगाम

पहिला पाऊस पडतो त्या संध्याकाळी वारुळातून पंख फुटलेली वाळवी बाहेर पडते. घराघरांत दिव्याभोवती तीच. त्यातली हजारो ओढ्यावरही पडतात आणि त्या वेळी डोहाच्या काठावर गुपचूप बसलं तर पाण्यावर एकामागून एक गोल वलयं उमटताना दिसतात. प्रत्येक वलय म्हणजे एका माशाने वर येऊन उचललेली एक वाळवी. परदेशात लोक ज्या क्षणासाठी विमानाने प्रवास करतात, तो हा. आपल्याकडे तो दारात येतो.

पण नेमका तेव्हा गळ टाकू नये. पहिल्या पुरासोबत मासे प्रवाहाच्या उलट, वरच्या अंगाला चढतात. चढणीचे मासे म्हणतात ते हेच. वरच्या उथळ, गोट्यांच्या पाण्यात ते अंडी घालतात. पोट फुगलेली मादी धरली तर एक मासा धरला असं होत नाही.

गळाचा खरा काळ पोळा झाल्यावर, पाणी निवळलं की. तेव्हापासून संक्रांतीपर्यंत बहुतेक ओढ्यांना धार असते.

कशी टाकायची?

आठ-दहा फुटांची, शेंड्याला लवणारी बांबूची काठी. तेवढाच लांब दोरा. नुसता तंगूस चालत नाही, कारण तो हलका असतो आणि वाऱ्याने परत अंगावर येतो. तीन-चार पदरी तंगुसाला पीळ देऊन वरचा दोरा करायचा आणि शेवटचे तीन-चार फूट एकपदरी ठेवायचा. गळ दुकानात मिळेल तो सगळ्यात बारीक. त्यावर काळा दोरा गुंडाळून कोंबड्याच्या मानेचं एक पीस दोन-तीन वेढे देऊन बांधायचं. पहिल्या दहा माशा ओबडधोबड होतील. झोऱ्या त्यालाही लागतो, तो एवढा चिकित्सक नाही.

गळावरचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट केला तर लहान मासा इजा न होता सोडता येतो. आणि बोटात रुतला तर आपलंही काम सोपं होतं.

आता महत्त्वाचं. मासा प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, कारण खाणं तिकडून येतं. म्हणजे त्याची पाठ खालच्या अंगाला. म्हणून ओढ्याने नेहमी खालून वर चालायचं, मागून जायचं. बोलल्याने मासे पळतात हा समज फारसा खरा नाही. हवेतला आवाज पाण्यात फार कमी शिरतो. पळतात ते पायांमुळे. काठावर आपटलेला पाय, पाण्यात सरकलेला दगड यांची थरथर माशाला अंगाच्या बाजूने जाणाऱ्या एका रेषेतून कळते. दुसरी गोष्ट सावली. सूर्य पाठीशी असेल तर आपल्या आधी आपली सावली डोहात पोचते आणि डोह रिकामा होतो.

वाकून चालण्यालाही कारण आहे. पाण्यातून वर पाहताना माशाला बाहेरचं सगळं जग एका गोल खिडकीत दिसतं. उभा माणूस त्या खिडकीत लगेच येतो, खाली बसलेला कडेला दबून जातो आणि बहुधा दिसतच नाही.

मासा असतो कुठे? जिथे धार पडते आणि पाणी संथ व्हायला लागतं त्या सांध्यावर. मोठ्या दगडाच्या मागे, जिथे प्रवाह दुभंगतो. काठावरच्या झाडाची सावली पडते तिथे, कारण वरून किडे पडतात. थोडक्यात, जिथे कष्ट कमी आणि खाणं जास्त. माशी वरच्या बाजूला टाकायची आणि प्रवाहाने येईल तशी येऊ द्यायची. ओढायची नाही, कारण किडा पाण्याच्या उलट चालत नाही. मासा उसळला की काठी हलकेच उचलायची. एका जागी दोन-तीन मासे लागले की पुढे सरकायचं, बाकीचे सावध झालेले असतात.

सोडायचा मासा ओल्या हाताने धरावा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. तोच त्याचं रोगापासून रक्षण करतो. तुटलेला तंगूस तिथेच टाकू नये, पक्ष्यांच्या पायात अडकतो.

कुठे टाकू नये, हेही सांगायला हवं. यवतमाळ आणि नांदेडच्या सीमेवरच्या पैनगंगा अभयारण्यात गळ घेऊन शिरणं म्हणजे वन विभागाची कारवाई ओढवून घेणं. तलाव बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेला ठेक्याने दिलेले असतात, तिथे संस्थेला विचारावं. आणि सहस्रकुंडच्या काळ्या खडकावर तर जाऊच नये. तिथला दगड शेवाळलेला असतो आणि वर इसापूर धरणातून पाणी सोडलं की पैनगंगा बघता बघता वाढते.

चैत्रातला डोह

इथवरची गोष्ट मजेची होती. आता दुसरी.

संक्रांतीनंतर ओढ्याची धार तुटायला लागते. होळीपर्यंत सलग पाणी राहत नाही, मध्ये मध्ये डोह उरतात. चैत्र-वैशाखात तीन-चार किलोमीटरच्या नाल्यात कधी दोन, कधी एकच डोह. झाडाच्या सावलीतला, खडकातला, खालून झिरा असलेला. त्या एका डोहात त्या पूर्ण ओढ्याचे उरलेले सगळे मासे गोळा झालेले असतात. झोऱ्या, मळ्या, मुरी, सगळ्यांचं पुढच्या वर्षीचं बियाणं. शेतकऱ्याच्या घरातली बियाण्याची कणगी असावी तसं.

आणि नेमका तेव्हाच डोहात औषध पडतं. पाणी कमी, मासे दाटीने, पकडायला सोपे. कापसावरची किंवा सोयाबीनवरची फवारणीची बाटली घरात असतेच.

एक हिशोब करून पाहू. दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद, सरासरी एक मीटर खोल असा डोह. पाणी पन्नास हजार लिटर. सायपरमेथ्रिन २५ टक्के या औषधाच्या बाटलीत तळाशी ५ मिली उरलं आहे असं धरा. त्यात मूळ विष सव्वा ग्रॅम. ते डोहात गेलं तर एका लिटरला २५ मायक्रोग्रॅम होतं. आणि या औषधाने मासे मरायला लिटरमागे थोडेच मायक्रोग्रॅम पुरतात, बऱ्याच जातींना पाचाहूनही कमी. हा कागदावरचा हिशोब आहे, काही विष गाळाला चिकटतं. तरी समजायचं ते समजतं. मासे मारायचा विचारही मनात नसताना, फवारणीचा पंप नुसता डोहात धुतला तरी तेच होऊ शकतं. म्हणून पंप शेतातच, पाण्यापासून लांब, पडीक जागी धुवावा. रिकामी बाटली नाल्यात फेकू नये.

म्हातारी माणसं म्हणतात, औषध आम्हीही टाकायचो. खरं आहे. हिंगणबेटाचं फळ, गेळफळ ठेचून पाण्यात टाकायची रीत जुनी आहे. त्याने माशाच्या कल्ल्यांचं काम बिघडतं आणि तो गुंगतो. पण त्या झाडपाल्याचा जोर लवकर उतरतो. त्यासाठी गाव जमावं लागायचं, दिवस ठरायचा. शेतीचं औषध एकटा माणूस रात्री टाकतो आणि त्याच्या घरच्याशिवाय कोणाला पत्ता लागत नाही.

शिवाय शेतीचं औषध किड्यांसाठीच बनवलेलं असतं. ओढ्यातला एखादा दगड उलटा करून पाहिला तर खाली चपटे, शेपटीला तीन केस असलेले किडे पळताना दिसतात. वाळूचे कण चिकटवून नळीसारखं घर केलेल्या अळ्याही असतात. हेच माशांचं रोजचं जेवण. ज्या नाल्यात हे किडे आहेत, तिथलं पाणी चांगलं समजावं. विषाने पहिले मरतात ते हे. म्हणजे चुकून वाचलेला मासाही पुढे उपाशी.

विजेचं तर विचारूच नये. बॅटरीवरच्या यंत्राने किंवा थेट तारेवर आकडा टाकून पाण्यात करंट सोडायचा, मोठे मासे तरंगले की उचलायचे. लहान तडफडून तळाला जातात, ते कोणी मोजत नाही. आणि ओल्या पायाने उभा असलेला माणूस आणि मासा यात वीज फरक करत नाही.

पूर्वी डोह मेला तरी पावसाळ्यात मोठ्या नदीतून मासे परत चढून येत. आता मध्ये बंधारे आहेत. सिमेंटच्या उभ्या भिंतीवरून मळ्यासारखा दगडाला चिकटणारा एखादा कसाबसा चढतो, झोऱ्याला ते जमत नाही. त्यामुळे वरच्या नाल्यातला डोह एकदा मेला की तो वर्षानुवर्षं मेलेलाच राहू शकतो. पाणी दिसतं, मासा दिसत नाही. पोरांना वाटतं इथे कधी नव्हताच.

कायदा आणि ग्रामसभा

पाण्यात सुरुंग उडवून किंवा विष, चुना टाकून मासे मारणं १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यानेच गुन्हा ठरवलं होतं. शिक्षा होती दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा २०० रुपयांपर्यंत दंड. त्या काळी दोनशे रुपये म्हणजे मोठी रक्कम. पुढे महाराष्ट्राने १९६० साली स्वतःचा मत्स्य कायदा केला. अभयारण्यात रसायनं किंवा स्फोटकं वापरायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याची वेगळी बंदी आहे, ती जास्त कडक.

कायदा असून रात्री तीन वाजता डोहावर पोलीस उभा राहणार नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. उभं कोणी राहिलंच तर गाव. आणि किनवट तालुक्यातल्या अनेक गावांच्या हातात त्यासाठी अधिकारही आहे. अनुसूचित क्षेत्रातल्या गावांना १९९६ च्या पेसा कायद्याने लहान पाणवठ्यांच्या नियोजनाचा आणि व्यवस्थापनाचा हक्क दिला, राज्याचे नियम २०१४ साली आले. २००६ च्या वनहक्क कायद्यात तर सामूहिक हक्कांच्या यादीत मासे आणि पाणवठ्यातलं इतर उत्पन्न स्पष्ट लिहिलेलं आहे. दावा ग्रामसभेतून उपविभागीय समितीकडे आणि तिथून जिल्हा समितीकडे जातो. बहुतेक गावांच्या दाव्यांत तेंदू, बांबू, मोहाची नोंद आठवणीने होते, नाल्याची राहून जाते.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने जंगलाच्या हक्कासाठी नाव कमावलं. त्याच गावाने अभ्यासगटात बसून ओढ्यात विष टाकण्यावर चर्चा केली आणि ते बंद केलं. बाहेरच्या कोणी सांगितलं म्हणून नाही, विष टाकल्यावर ओढ्याचं काय होतं हे गावातल्यांनीच मांडलं म्हणून.

इथे करायचं झालं तर ठराव लांबलचक लागत नाही. आपल्या शिवारातले उन्हाळ्यात टिकणारे डोह कोणते, त्यांची नावं लिहायची. बहुतेक डोहांना नाव असतंच. त्यातला निदान एक होळीपासून पहिल्या पुरापर्यंत मासेमारीला बंद ठेवायचा. गळही नाही, जाळंही नाही. पंप कुठे धुवायचा ती जागा ठरवायची. हातावर पोट असलेल्यांचा उन्हाळ्यातला मासा यात जातो, हे खरं आहे, म्हणून बाकीचे डोह त्यांच्यासाठी मोकळे ठेवावे लागतील आणि तो वाद ग्रामसभेतच मिटवावा लागेल.

सकाळी मासे तरंगताना दिसले तर

एकाच वेळी लहान-मोठे सगळ्या जातींचे मासे, सोबत झिंगे आणि खेकडेही मेलेले दिसले, तर विषाचा संशय धरावा. उन्हाळ्यात गढूळ, शेवाळलेल्या पाण्यात पहाटे प्राणवायू कमी पडूनही मासे मरतात, पण तेव्हा बहुधा आधी मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात आणि हवेतून श्वास घेणारी मरळ वाचते.

ते मासे गोळा करून शिजवू नयेत, विकत घेऊ नयेत. जनावरं त्या पाण्यावर सोडू नयेत. धुणं धुवायला, पोहायला कोणी जाऊ नये म्हणून दवंडी द्यावी किंवा गावाच्या ग्रुपवर लगेच टाकावं. स्वच्छ काचेच्या बाटलीत पाणी भरून झाकण घट्ट लावून सावलीत ठेवावं, वेळ आणि जागा लिहून. आसपास पडलेल्या बाटल्यांचे फोटो काढावेत, हाताने उचलू नयेत. सरपंच, पोलीस पाटील आणि जंगलालगत असेल तर वनरक्षक यांना बोलावून पंचनामा करावा, तालुक्याला आणि नांदेडच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला कळवावं. कोणाला मळमळ, घाम, तोंडाला लाळ, डोळ्यांपुढे अंधारी असं काही झालं तर वाट न पाहता दवाखाना, आणि डॉक्टरला मासे कधी खाल्ले ते सांगावं. औषधाची बाटली सापडली असेल तर तिच्यावरच्या लेबलचा फोटो सोबत न्यावा.